उजव्या बाजूचं टेंगूळ

परसराम,

तुझं तेरावं होऊन आज चार दिवस झाले. तुझा साचा माझ्या टेबलावर आहे. दोन अर्धुकं, कडेनं सात बोल्ट, आणि वर काळ्या मार्करनं तुझ्या वेड्यावाकड्या अक्षरात 'मास्तर'. आत आपल्या विमानाचं नाक आहे. ते मी अजून बाहेर काढलेलं नाही. पाना शेजारीच ठेवलाय. रोज शाळेत जाण्याआधी तो उचलतो, एका बोल्टला लावून बघतो आणि परत ठेवून देतो.

तू फोनवर म्हणाला होतास, "भरून ठेवलं हाय, मास्तर. घाई करू नको. चांगलं पिकू दे. मी सांगीन तवा खोलू." मी म्हणालो, "बरं." एकवीस वर्षं आपण बोलत होतो, म्हणजे भांडत होतो, आणि त्यातला माझा शेवटचा शब्द हा 'बरं'. तोही रुसून म्हटलेला. फायबर पिकायला, म्हणजे घट्ट व्हायला, एक दिवस पुरतो, उन्हाळ्यात तर तेवढाही लागत नाही, हे तूच मला शिकवलंस. तरी मी थांबलोय, कारण तू अजून 'खोल' म्हणाला नाहीस. मी विज्ञान शिकवतो आणि असा वागतो. तू असतास तर चारचौघांत माझी काढली असतीस.

तेराव्याला लोक तुला देवमाणूस म्हणत होते.  तू देवमाणूस वगैरे काही नव्हतास. कुलरची टाकी आठ दिवसांत देतो म्हणून महिनाभर लोकांना हेलपाटे घालायला लावायचास. ट्रकवाल्यांना अशा शिव्या द्यायचास की मी दुकानात असलो तर मला दुसरीकडे बघावं लागायचं. आणि हट्टी. तुझ्याइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि मी पस्तीस वर्षं शाळेत काढली आहेत.

आपली ओळखही त्या टाकीमुळेच. एप्रिल लागला होता, आमच्या कुलरची लोखंडी टाकी गंजून गळत होती. कुणीतरी सांगितलं की वणीच्या ट्रक अड्ड्यामागे एक राठोड आहे, तो फायबरची टाकी करून देतो, ती गंजत नाही. मी आलो तेव्हा तू कोळशाच्या ट्रकच्या कपाळावर बसवायचा व्हायझर साच्यातून सोडवत होतास. लाकडाची पाचर कडेला घालून हलक्या हातानं ठोकायचास, थांबायचास, साच्याला कान लावायचास, परत ठोकायचास. मग टक् असा आवाज झाला आणि तो एवढा मोठा व्हायझर अलगद सुटून तुझ्या हातात आला. मी कुलर विसरलो. दुसऱ्या दिवशी माझ्या विमानाचं तुटकं नाक पिशवीत घालून घेऊन आलो. हलक्या बाल्सा लाकडाचं, चार ठिकाणी चिकटवलेलं. तू ते दोन बोटांत धरून सगळ्या बाजूंनी पाहिलंस.

"हे कोन्या उंदराच्या ट्रकचं बोनट हाय बे?"

चाळिशीकडे निघालेला शिक्षक घरात बसून विमानांच्या प्रतिकृती करतो, हे तोवर मी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. लोक हसतात. तूही हसलास, पण हसता हसताच विचारलंस, "उडते काय हे?" उडतं म्हटलं, रिमोटवर. "मंग वजन किती पायजे?" त्याआधी मला तो प्रश्न कुणीच विचारला नव्हता. घरी जाताना मी रस्ताभर त्याच आनंदात होतो.

पहिलं नाक तू ट्रकच्या हिशोबानं केलंस. काचेच्या कापडाचे सहा थर. दगड मारला असता तरी फुटलं नसतं. मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर साडेसातशे ग्रॅम, आणि मला हवं होतं दोनशेच्या आत. "ट्रकले धक्का लागते, मास्तर," तू म्हणालास. मी म्हटलं, याला फक्त हवा लागते. त्यानंतर तू एकेक थर कमी करत गेलास. दोन वर्षांनी तू केलेलं नाक उन्हाकडे धरलं की पलीकडून बोटांची सावली दिसायची. तळहातावर घेऊन म्हणायचास, "एकशे नव्वद." काटा एकशे ब्याण्णव दाखवायचा. तेव्हा तू काट्याकडे संशयानं बघायचास.

मीही कमी शहाणपणा केला नाही. पुस्तकात रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर किती घालायचं ते लिहिलं होतं. पुस्तक कुठल्या तरी थंड देशातलं, आणि तुझं दुकान वणीतलं, वर पत्रे, मे महिन्यातली दुपार. तू म्हणत होतास, "एवढं टाकू नको, भडकन." मी सिरिंजनं मोजून घातलं आणि तुला प्रमाण म्हणजे काय ते समजावू लागलो. समजावून होण्याआधी रेझिनचा मग धुरानं भरला. आतलं सगळं उकळून दगड झालं आणि माझा ब्रश त्यात उभाच्या उभा राहिला. तो ब्रशासकटचा मग तू दुकानाच्या दारावर टांगलास. कुणी विचारलं तर सांगायचास, "आमच्या मास्तरची डिग्री हाय." तो अजून तिथंच आहे. परवा वहिनींनी विचारलं, हे घेऊन जाता काय. मला हात लावता आला नाही.

तेव्हापासून उन्हाळ्यात आपण पहाटे साडेपाचला काम करू लागलो, पत्रे तापायच्या आत. काचेच्या तंतूंची खाज लागू नये म्हणून तू कोपरापर्यंत लहान मुलांची पावडर चोळायचास. रेझिनचा तो उग्र वास आणि त्यात ही पावडर. माझ्या नातीला मांडीवर घेतलं की मला तुझं दुकान आठवतं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आणि मग ते पिवळं विमान.

माझ्या लहानपणी कपाशीवर विमानानं फवारणी व्हायची. आदल्या दिवशी दवंडी यायची. विहिरी झाका, गुरं आत बांधा, पाण्याची भांडी झाका. आमच्या गावावरून ते इतक्या खालून गेलं की मी दाराआडून पळत अंगणात आलो आणि वर तोंड करून उभा राहिलो. त्याचं पिवळं पोट डोक्यावरून गेलं आणि तोंडावर औषधाचे बारीक थेंब पडले. आईनं आधी बदडलं, मग आंघोळ घातली. तेवढ्यावर मी पुढं आयुष्यभर विमानं करत बसलो.

हे मी तुला सांगितलं तेव्हा तू हातातलं काम ठेवलंस. "तेच विमान," तू म्हणालास, "आमच्या तांड्यापाशी उतरे." पुसदच्या अलीकडे तुमच्या तांड्याजवळ माळ साफ करून पट्टी केली होती. औषध कालवायला पाणी लागायचं, ते तांड्यातल्या बायका डोक्यावरून आणायच्या, त्यात तुझी आई, तुझी याडी. तू तिच्या मागं जायचास. तिथल्या मेकॅनिकनं एकदा तुला कडेवर घेतलं आणि विमानाच्या नाकापर्यंत उचललं. पत्रा तापला होता. हात पोळला तरी तू काढला नाहीस. आणि त्या नाकाच्या उजव्या बाजूला, तू शपथेवर सांगायचास, एक टेंगूळ होतं.

"अंदर इंजन का माथा लगता था, ठोक के ऊपर किया, असं तो मेकॅनिक बोलला. माह्या तवाच्या हातात मावत होतं, मास्तर. गरम होतं."

मी त्याचं पोट पाहिलं होतं आणि तू त्याच्या नाकाला हात लावला होतास. असा माणूस मला वणीत भेटावा, तोही कुलरच्या टाकीपायी, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. त्याच दिवशी ठरलं की ते विमान करायचं, मूळच्या सहाव्या हिश्शाचं, आणि जिथं ते उतरायचं त्या तांड्याजवळच्या रानावरून एकदा उडवायचं. पंख आणि धड माझं. नाक, चाकांवरची आवरणं आणि पाठीवरचा औषधाच्या टाकीचा उंचवटा, हे तुझं. बाजारात यातलं काहीच मिळत नाही. कुणी केलेलंच नाही.

आपण ती पट्टी बघायला बसनं गेलो होतो, आठवतं? पट्टी कुठली, सगळी कपाशी. तू बांधावर चपला काढून ठेवल्यास आणि ओळींमधून पावलं मोजत आत गेलास. एका जागी थांबून ओरडलास, "हे इथं उभं होतं." मग हात छातीपुढं धरलास, तळवा वळवलास आणि हवेतच काहीतरी चाचपून मला म्हणालास, "असं. पाह्य, असं." मी तेव्हा मोबाइलवर दिशा बघत होतो, पट्टी पूर्व-पश्चिम होती की कशी. मान वर न करता मी "हो हो" म्हणालो.

ते टेंगूळ माझ्या नकाशात नव्हतं. माझ्याकडे तिन्ही बाजूंनी काढलेली चित्रं होती, मापांसकट, आणि त्यांत नाक दोन्ही बाजूंनी सारखं होतं. तू नाकाचा मूळ नमुना प्लास्टर ऑफ पॅरिसचा केलास. त्यावरून साचा घ्यायचा, साच्यातून नाक. मी बघायला आलो तर उजव्या बाजूला पुट्टीचं टेंगूळ. सहाव्या हिश्शात ते बोराएवढं रुंद आणि तुरीच्या दाण्याएवढं उंच येत होतं. मी घासून काढलं. पुढच्या रविवारी आलो तर परत लावलेलं, जरा वेगळ्या उंचीचं. मी परत काढलं. तिसऱ्यांदा तसंच. तुरीच्या दाण्याएवढ्या उंचवट्यावरून दोन म्हातारे भांडत होते, आणि मला त्यात गंमत वाटत होती. खरं सांगतो, आयुष्यात मला इतकी गंमत फार कमी वेळा वाटली.

"तुह्या कागदावर ज्यानं चित्र काढलं त्यानं हात लावला होता काय?" तू विचारायचास. "म्या लावला हाय."

"कागदावर मापं आहेत, परसराम."

"माह्या हातात बी मापच हाय."

तुझा खोकला तेव्हा सुरू झाला होता. पण वणीत कोण खोकत नाही? रस्त्यानं दिवसभर कोळसा जातो, सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी काळी होते. मी तुला मास्क आणून दिले. तू ते ट्रकच्या आरशाला अडकवून ठेवलेस आणि तोंडाला नेहमीचा दुपट्टा बांधलास. मी दोनदा बोललो आणि सोडून दिलं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच मी हे सगळं लिहितोय. मला वाटलं होतं कुलर, तो ब्रशाचा मग आणि टेंगूळ यांच्यातच पानं भरतील आणि हे राहून जाईल. तसं होऊ द्यायचं नाही.

वहिनी माझ्या घरी आल्या होत्या. तुला हे माहीत नाही. भर दुपारी, डोक्यावर पदर, एकट्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं का आता या धुळीत एक दिवस बी उभं राहू नका. फुफ्फुस काम करून नाही राह्यलं. ट्रकचं काम बंद केलं त्याइनं, टाक्या बंद केल्या. पन तुमच्या विमानासाठी दुकानात जाते. प्लास्टर घासत बसते. मी बोलली तं आयकत नाही. तुमी सांगा. तुमचंच आयकते ते."

मी म्हणालो, सांगतो. आत्ताच जातो.

प्लास्टरला पाणी चालत नाही, ते कोरडंच घासावं लागतं, आणि त्याची भुकटी किती बारीक असते, किती वेळ हवेत राहते, हे मुलांना मी फळ्यावर शिकवतो. म्हणजे मला कळलं नाही असं नाही. रस्त्यानं येताना वाक्यही ठरवलं होतं. 'परसराम, आता पुरे. नाक नको. बंद कर.' एवढंच म्हणायचं होतं.

तू दारात खुर्ची टाकून बसला होतास. मला बघून उठलास, दाराला हात देऊन दम घेतलास, आणि हसून म्हणालास, "ये, आता बराबर जमलं. चौथ्यांदा केलं, पन आता बराबर जमलं." आत नमुन्यावर परत टेंगूळ होतं. बाकी सगळं नाक इतकं सुरेख उतरलं होतं की मी वहिनींना दिलेलं वचन दारातच विसरलो. विसरलो हेही खोटं. मला आठवत होतं. पण ते नाक बघितलं आणि मला ते हवंसं झालं. बाकी सगळं विमान तयार होऊन आमच्या खोलीत टांगलेलं होतं, फक्त नाक नव्हतं. म्हटलं, एवढं होऊ दे, मग सांगू. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"हे टेंगूळ काढ."

"डोये मिट आन हात लावून पाह्य एकडाव. हात लावून तर पाह्य."

"मला हात लावायचा नाही. नकाशात नाही ते मी विमानावर लावणार नाही. हे काढणार असशील तर पुढचं बोलू, नाहीतर राहू दे तुझं नाक तुझ्यापाशी."

वर्गात मुलांना दरडावतो तसा बोललो.  तू शिवी दिली नाहीस, यावरून मला कळायला हवं होतं. तू खाली बसलास आणि पॉलिश पेपरचा तुकडा हातात घेऊन नुसता चुरगाळत राहिलास. मी निघून आलो. संध्याकाळी वहिनींचा फोन आला, सांगितलं काय? मी म्हणालो, "हो, बोललो." बोललो तर होतोच.

मग महिनाभर मी तुझ्याकडे आलो नाही. रुसलो होतो. साठीला टेकलेला माणूस, तुरीच्या दाण्यावरून. मग तुझा तो फोन, भरून ठेवलं हाय म्हणून, आणि माझं 'बरं'. त्यानंतर बाराव्या दिवशी तुला यवतमाळला नेलं. मला कळून मी स्टँडवर पोचेपर्यंत दुसरा फोन आला की आता येऊ नका, घेऊनच येतोय.

तेराव्याला वहिनींनी साचा माझ्या हातात दिला. त्यांनी मला काहीही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "साचा भरायच्या आधी आठ दिवस दार लावून घासत बसले होते. काय घासून राह्यले म्हनून विचारलं, तं म्हने थोडंसंच राह्यलं." मी म्हटलं, नाक गुळगुळीत करत असेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली बघितलं.

इथवर काल लिहिलं होतं. आज रविवार. सकाळी साडेपाचला उठलो आणि साचा उघडला.

तू शिकवलं होतंस तसंच केलं. सातही बोल्ट सोडले. फटीतून कोमट पाणी सोडलं, अर्धा तास थांबलो. पाचर घातली, हलकं ठोकलं, कान लावला, परत ठोकलं. बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिला हातानंच गप्प राहा म्हटलं. टक् असा आवाज झाला. पहिलं अर्धुक सुटलं, मग दुसरं, आणि नाक माझ्या हातात आलं. तळहातावर घेऊन बघितलं. मला तुझ्यासारखं वजन सांगता येत नाही. काट्यावर एकशे अठ्ठ्याऐंशी भरलं. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. तुझ्या हातून इतकं चांगलं काम झालेलं मी पाहिलेलं नाही.

मग डोळे मिटले आणि उजव्या बाजूवर हात फिरवला.

काही नव्हतं. परत फिरवला. मग अंगठ्यानं चाचपलं. उजेडात नेऊन तिरकं धरून बघितलं. दोन्ही बाजू सारख्या होत्या, अगदी नकाशाबरहुकूम.

तू काढलंस. मी आलो नाही, म्हणजे तूच काढलंस. ते पुट्टीचं टेंगूळ काढून खालचं प्लास्टर सारखं करायला मला अर्धा तास लागायचा. तुला आठ दिवस लागले. दार लावून, दुपट्टा बांधून, दोन हात मारायचे आणि दम घ्यायचा. साच्यातून नाक निघेपर्यंत मला कळू नये म्हणून फोनवरही बोलला नाहीस. वहिनी म्हणाल्या होत्या की तू माझंच ऐकतोस. एकवीस वर्षांत तू माझं एकही ऐकलं नव्हतंस, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. जे सांगायला मी आलो होतो ते सांगितलं असतं तर तू तेच ऐकलं असतंस. मी घास म्हणालो. तू घासलंस.

परसराम, मला माफी मागायची नाही. माफी कुणापाशी मागू? वहिनींपाशी जाऊन खरं सांगणार आहे, ते सांगेनच. पण त्यानं त्यांना काय मिळणार आहे, आणि तुला काय? हे विमान मी उडवणार नाही. तांड्याच्या रानावर नाही आणि कुठंच नाही. नाक बसवून बघितलं, चारही स्क्रू नेमके बसले, कुठं कणभर फट नाही. खोलीत ते पिवळं विमान आता पुरं झालेलं टांगलं आहे आणि माझ्यानं त्याच्याकडे बघवत नाही. बायको म्हणाली, किती छान झालं हो, आता तरी झालं ना मनासारखं? मी हो म्हणालो.

आणि तू बरोबर होतास, हेही आता मला कळलं आहे. नकाशा कंपनीतून निघालेल्या नव्या विमानाचा होता. आपल्याकडे उतरायचं ते वापरून जुनं झालेलं, ठोकलेलं, दुरुस्त केलेलं एक विमान होतं. त्याच्या अंगावर जे होतं ते तिथं हात लावणाऱ्यालाच माहीत असणार. ही साधी गोष्ट आहे. विज्ञानाच्या शिक्षकाला ती समजायला हवी होती. त्या विमानाचं ते टेंगूळ जगात फक्त तुझ्या तळव्यात उरलं होतं.

म्हणून दुपारी मी ते परत लावायला बसलो. नाक खाली उतरवलं. वाटीत पुट्टी घेतली, हार्डनर घातलं, तू सांगायचास तसं कमी घातलं. पातं हातात घेतलं. जागा मला ठाऊक होती, उजवीकडे, वरच्या कडेपासून दोन बोटं खाली. पण उंची? तू चारदा लावलंस, चारही वेळा वेगळी होती. पहिली तीन मी घासली, ती आठवतात, पण ती चुकलेली होती. बरोबर जमलं ते चौथं, आणि तू म्हणत असताना मी त्याला हात लावला नाही. कपाशीत उभा राहून तू तळवा वळवून दाखवलंस तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत होतो. तुरीच्या दाण्याएवढं की त्याहून कमी? काठ उतरता होता की एकदम? मी डोळे मिटून बघितले, हात हवेत धरून बघितला, तुझ्यासारखा वळवून बघितला.

किती वेळ तसा बसलो कोण जाणे. पुट्टी वाटीतच घट्ट झाली.